फाटके कापड आणि देण्याची रीत



नाताळ जवळ आला की घरोघरी कपाटे उघडतात आणि जुन्या कपड्यांची गाठोडी बांधली जातात. त्यांतले बरेच कपडे धड असतात. पण काही शर्टांच्या कॉलरी झिजलेल्या, साड्या मधोमध विरलेल्या, पँटी मांडीवर फाटलेल्या. मग प्रश्न पडतो : हे द्यायचे की टाकायचे? टाकवत नाही आणि द्यायला लाज वाटते. प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

आपल्या देशात मोठ्या माणसांमध्येही या प्रश्नावर वाद झालेला आहे. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला विदेशी कापडाची होळी झाली. दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज हे गांधीजींचे जिवलग मित्र, पण त्यांना हे मुळीच रुचले नाही. आपल्यासारख्याच माणसांच्या हातांनी केलेले सुंदर कापड जाळायचे कसे? रवींद्रनाथ ठाकुरांनीही आक्षेप घेतला. ज्यांच्याकडे वस्त्र नाही त्यांचे कापड जाळण्याचा आपल्याला काय अधिकार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून उत्तर दिले. जे वस्त्र आपण स्वतः अंगाला लावायला तयार नाही, ते गरिबाच्या अंगावर कसे टाकायचे? गरिबाला मानअपमान नसतो काय? याच गांधीजींनी पुढे १९३६ पासून आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला घर केले.

तिथे कापड विदेशी होते, आपल्या गाठोड्यातले फाटके आहे. पण पेच तोच. आम्हांला वाटते, कापडाबद्दल अँड्र्यूज बरोबर होते आणि देण्याबद्दल गांधीजी. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले. त्यांतले कितीतरी रस्त्याच्या कडेला तसेच राहिले. घरदार वाहून गेलेल्या कोळी बांधवांनी त्यांना हात लावला नाही. त्यांना कपडे नको होते असे नाही. त्या ढिगांत त्यांना आपली किंमत दिसली.

म्हणजे जुने वस्त्र देणे हाच अपमान म्हणावा काय? तसेही नाही. आपल्या घरात बाळ जन्मले की त्याला पहिल्यांदा कशात गुंडाळतात? नव्या, कडक कापडात नव्हे. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे फाडून त्याची दुपटी आणि लंगोट करतात. जगातल्या सर्वांत लाडक्या पाहुण्याला आपण जुनेरात घेतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तेच जुनेर अनोळखी माणसाच्या पिशवीतून आले तर मात्र मान खाली जाते. कापड तेच; फरक इतकाच की पहिल्या वेळी कोणीतरी बसून ते निवडले, विरलेला भाग काढला, कडा दुमडल्या.

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना द्रव्य आणि रूप यांची चर्चा आम्हांला फार कोरडी वाटे. गोधडीजवळ ती चटकन समजते. शर्ट फाटतो म्हणजे त्याचे शर्टपण जाते; कापड उरते. कॉलर झिजली तरी पाठ शाबूत असते. साडी मध्ये विरते, काठ टिकतात. पँट गुडघ्याला गेली तरी पोटरीच्या भागाची चांगली पिशवी होते. ज्याचे शर्टपण संपले ते शर्ट म्हणून देणे हा एक प्रकारचा खोटेपणा आहे. कापड म्हणून दिले तर देणे खरे आहे. आपली भांडेवाली हे कोणत्याही तत्त्वज्ञाशिवाय जाणते. ती साडी उजेडात धरते, विरलेला भाग दाखवते आणि त्या हिशोबाने स्टीलचे पातेले देते. कोणी कोणाचे उपकार मानत नाही. (घासाघीस होते ती वेगळी!)

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची हकिगत आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवत होत्या. कापड नवे होते की जुने, हे लूक सांगत नाही. बायकांनी दाखवले ते तिच्या हाताचे काम.

दिल्लीत १९९९ साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने हेच मोठ्या प्रमाणावर केले आहे. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकरी विहीर खणणे, रस्ता दुरुस्त करणे असे आपल्या गावचे काम स्वतः ठरवून करतात आणि कपडे त्या श्रमाचे म्हणून घेतात. भीक म्हणून नाही. जे सुती कापड अंगावर घालण्याजोगे उरले नाही, त्याच्या स्वच्छ करून मासिक पाळीसाठी घड्या होतात. हा विषय आपल्या पत्रकात लिहायचा की नाही असे कोणाला वाटेल. आम्हांला वाटते, लिहायचा. श्रमाचा मोबदला कपड्यांत देणे पुरेसे आहे काय, यावर मात्र वाद घालता येईल.

तोच वाद आपल्या दाराशीही आहे. वडनेरकडे कापूस पिकवणाऱ्यांना त्याची किंमत सांगायला नको. पेरणीपासून वेचणीपर्यंत काय काय लागते ते आपल्या हातांना ठाऊक आहे. पण त्याच कापसाच्या जुन्या लुगड्यांची गोधडी (कोणी वाकळ म्हणते) एखादी म्हातारी शिवून देते, तेव्हा आपणच विचारतो, "जुन्या कापडाचे पैसे कसले?" कापड फुकटचे असेल, तिचे डोळे आणि तिचे दिवस फुकटचे नाहीत. चार थर एकावर एक घालून बोटाएवढ्या अंतराने धावदोरा घालत जायचे, तर एका गोधडीला कित्येक दुपारी जातात. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की वस्तूची मालकी एकाची असू शकते, पण वापराच्या बाबतीत माणसाने ती सर्वांची समजावी. त्यांनी वस्तूबद्दल हे सांगितले. म्हातारीची मजुरी बुडवायला त्यांचा आधार घेता येणार नाही.

तेव्हा यंदा गाठोडी दोन बांधा. एकात आपल्या सख्ख्या भावाला नि:संकोच देता येतील असे धुतलेले, गुंड्या लावलेले कपडे. दुसऱ्यात नुसते कापड : शिवण उसवून, विरलेला भाग कापून, धुऊन वाळवलेले. तेवढा वेळ आपला जाऊ द्या. दुसऱ्या गाठोड्याबरोबर शिलाईसाठी जमेल ती रक्कमही ठेवा. जुन्या कापडाला ठिगळ लावायचे तर तेही धुतलेलेच घ्या. कोरे ठिगळ आटते आणि जुने कापड आणखी फाडते. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभूने हे उदाहरण दिले ते वेगळ्या अर्थाने, पण शिवणाऱ्या बायकांना ते समजावून सांगावे लागले नसेल. नायलॉनच्या साड्या मात्र वेगळ्या ठेवा. त्या घाम टिपत नाहीत, गोधडीत सरकतात. त्यांची वेणी घालून पायपुसणी चांगली होतात.