नोकरकपात आणि गृहस्थाचा धर्म

कामावरून कमी केलेल्या माणसाला ‘हातात नारळ दिला’ असे मराठीत म्हणतात. हा नारळ हल्ली अनेकदा सकाळच्या एका ईमेलमधून येतो. घरात दोन-तीन वर्षांचे मूल, घरकर्जाचा हप्ता आणि एकाचाच पगार असेल, तर पहिला प्रश्न पैशांचा असतो. दुसरा त्याच रात्री उभा राहतो: हे आपल्याच वाट्याला का आले? तो धर्मविचाराचा प्रश्न आहे.

1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953च्या दुरुस्तीने कामगारकपातीची व्याख्या आली. शिस्तभंगाची शिक्षा वगळून अन्य कोणत्याही कारणाने मालकाने सेवा संपवली, तर ती कपात. तिच्याबद्दल सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून ठरला. म्हणजे कपात ही शिक्षा नव्हे, हे व्याख्येतच आहे. काढलेल्या माणसाला मात्र ती शिक्षाच वाटते, आणि ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे लोकांचे बोलणे त्या समजुतीला खतपाणी घालते.

वेदान्त कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन प्रकार मानतो. प्रारब्धाला शंकराचार्यांनी सुटलेल्या बाणाची उपमा दिली आहे. तो परत बोलावता येत नाही. पण आलेल्या दुःखावरून मागचे अमुक पाप ओळखण्याची सोय या विचारात कुठेही नाही. कर्माची गती गहन असल्याचे गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. कंपनीच्या ताळेबंदातला तोटा कर्मचाऱ्याच्या पापपुण्याच्या खात्यावर मांडणे शास्त्राला धरून नाही, आणि ते क्रूरही आहे. माणसाच्या हाती उरते ते क्रियमाण, म्हणजे आज करायचे काम.

ते कोणते, याचा विचार महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्मपर्वात आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याचे मांस घ्यायला जातो. चांडाळ त्याला धर्माची आठवण करून देतो. जगलो तर धर्म आचरता येईल, अशी विश्वामित्राची बाजू आहे. मनुस्मृतीचा दहावा अध्याय आपत्काळासाठी उपजीविकेचे दहा मार्ग सांगतो. त्यांत विद्या आणि शेतीबरोबर मजुरीही आहे. खालच्या मानलेल्या वर्णाने वरच्याची वृत्ती घेऊ नये, ही त्याच अध्यायातली बंदी मात्र त्याज्यच आहे. घेण्यासारखे आहे ते एवढेच की, संकटात उपजीविकेचे साधन बदलल्याने धर्म बुडत नाही. काल मॅनेजर असलेला माणूस आज शिकवण्या घेऊ लागला किंवा रिक्षा चालवू लागला, तर त्याचे गृहस्थपण तसूभरही कमी होत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण देहूत सापडते. तुकाराम दुकानदारी आणि सावकारी करणाऱ्या घरातले होते. 1630च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, धंद्याचे दिवाळे निघाले. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. स्वतः नागवला गेलेला माणूस दुसऱ्याच्या कर्जाचे ओझे उतरवतो, हे मोठेच आहे. तरी संसार ओढला तो त्यांची दुसरी पत्नी जिजाई हिने. चरित्रकारांनी तिला बहुधा कजाग रंगवले. हा तिच्यावर अन्याय आहे. मुलांनी आज काय खायचे, हा तिचा प्रश्न भक्तीच्या बाहेरचा नाही. गृहस्थाश्रमाला बाकीच्या आश्रमांचा आधार मानले जाते ते अन्नामुळेच.

विवाहविधीतही हे दिसते. सप्तपदीतले पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी आणि तिसरे धनाच्या वाढीसाठी असते, आणि ही पावले दोघे मिळून टाकतात. तेव्हा घर पोसण्याची जबाबदारी मुळात एकट्याची नाही. लाजेपोटी नोकरी गेल्याचे लपवून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस जोडीदाराला त्या पहिल्याच पावलातून वगळतो. बातमी त्याच दिवशी घरी सांगावी, आणि हातातली शिल्लक, येणारी भरपाई व पुढचे हप्ते यांचा हिशेब दोघांनी एकत्र बसून करावा.