फायब्रिनोजेन आणि सत्कार्यवाद : गुठळी रक्तात आधीच असते काय?

कार्य उत्पन्न होण्यापूर्वी आपल्या कारणात असते की नसते, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि मूलगामी वाद आहे. कार्य कारणात असतेच, फक्त अव्यक्त असते, असे सांख्य मानतात आणि या मताला सत्कार्यवाद म्हणतात. याउलट कारणसामग्री जुळून आल्यावर जे जन्मते ते सर्वस्वी नवे असते, आधी त्याचा अभावच असतो, असे न्याय-वैशेषिकांचे म्हणणे असून त्याला असत्कार्यवाद किंवा आरंभवाद असे नाव आहे. दोन्ही पक्षांनी हा वाद दही, घट, वस्त्र अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंच्या आधारे लढवला. ज्या पदार्थाची घडण आज अणूअणूपर्यंत उलगडली आहे अशा एखाद्या पदार्थावर तो घासून पाहिला, तर दोन्ही पक्षांचे बळ आणि मर्यादा अधिक नेमक्या दिसतात, आणि रक्त साकळवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन त्यासाठी विशेष सोयीचे आहे. प्राचीनांना हे रसायन ठाऊक होते, असा दावा येथे मुळीच अभिप्रेत नाही. त्यांनी आखलेले भेद नव्या उदाहरणावर कितपत टिकतात, एवढेच पाहायचे आहे.

फायब्रिनोजेन यकृतात तयार होते आणि निरोगी माणसाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, दर लिटरमागे साधारण २ ते ४ ग्रॅम एवढे विरघळलेले असते. सुमारे ४५ नॅनोमीटर लांबीच्या आणि ३,४०,००० डाल्टन भाराच्या या रेणूत आल्फा, बीटा आणि गॅमा या तीन प्रकारच्या साखळ्या प्रत्येकी दोन असतात आणि गंधकाच्या अणूंमधील २९ बंधांनी त्या एकमेकींशी जखडलेल्या असतात. रेणूच्या मध्यभागी एक गाठ आणि दोन टोकांना एकेक गाठ, असे त्याचे रूप आहे. टोकांच्या गाठींत ज्या खाचा असतात त्या सदैव उघड्या असतात. त्या खाचांत बसू शकतील अशा खुंट्या मात्र मधल्या गाठीत असतात आणि त्या झाकलेल्या असतात. प्रत्येक आल्फा साखळीच्या आरंभीचा १६ अमिनो आम्लांचा आणि प्रत्येक बीटा साखळीच्या आरंभीचा १४ अमिनो आम्लांचा तुकडा हेच ते झाकण होय. जखम झाली की रक्तात थ्रॉम्बिन हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे दुसरे प्रथिन, तयार होते आणि ते हे चार तुकडे कापून टाकते. आल्फा साखळीवरचे झाकण निघताच ग्लायसीन, प्रोलीन, आर्जिनीन या तीन अमिनो आम्लांची खुंटी उघडी पडते, ती शेजारच्या रेणूच्या टोकावरील खाचेत जाऊन बसते, आणि रेणू एकमेकांवर निम्मे सरकून लागत लागत फायब्रिनचे लांबच लांब धागे तयार होतात. हे धागे एकत्र येऊन जाळे बनते, तेरावा घटक या नावाचे विकर त्यांच्यात पक्के बंध घालते, आणि जाळ्यात अडकलेल्या पेशींसह जी गुठळी होते ती रक्तस्राव थांबवते.

या साऱ्या घडामोडीत थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनमध्ये काहीही भर घालत नाही. एकूण २,९६४ अमिनो आम्लांपैकी ६० तेवढी ते काढून टाकते, आणि पुढची जुळणी रेणूच्या अंगच्या आकारानेच होते. पतंजलींच्या योगसूत्रांतील कैवल्यपादात निमित्तकारणाविषयी जो विचार आला आहे तो येथे आठवतो : निमित्त हे प्रकृतीला ढकलत नाही, ते केवळ आड आलेला अडसर दूर करते, जसा शेतकरी बांध फोडतो आणि पाणी आपल्या उताराने आपणच खालच्या वाफ्यात जाते. निमित्त बदलले तरी कार्याचे रूप मूलद्रव्यानुसारच ठरते, हा या मताचा फलितार्थ असून त्याला सर्पविषाचा दाखला मिळतो. मलायन पिट व्हायपर या सापाच्या विषातील अँक्रॉड हे विकर थ्रॉम्बिनहून निराळे असूनही आल्फा साखळीवरचे तेच झाकण कापते आणि त्यानेही फायब्रिनचे धागे जुळू लागतात. याची उलट बाजू १९६८ साली वर्णिलेल्या ‘फायब्रिनोजेन डेट्रॉइट’ या सदोष प्रकारात दिसते. त्यात खुंटीतील आर्जिनीनच्या जागी सेरीन हे दुसरे अमिनो आम्ल आलेले असते, त्यामुळे झाकण निघूनही धागे नीट जुळत नाहीत. अडसर दूर झाला तरी मुळात जे नव्हते ते प्रकट कसे होणार, हा सांख्यांचा प्रश्न येथे जणू मूर्त होऊन उभा राहतो.

तरीही नैयायिक एवढ्यावर निरुत्तर होत नाही. त्याच्या मते वस्त्राचे समवायी कारण, म्हणजे कार्य ज्यात राहते ते द्रव्य, धागे हे होय. त्या धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण, तर विणकर आणि त्याची साधने हे निमित्तकारण होय. हा विभाग फायब्रिनला चपखल लागू पडतो, कारण गुठळीला जे बळ येते ते एकट्या रेणूत कुठेही सापडत नाही. फायब्रिनचा धागा आपल्या लांबीच्या दुपटीहून अधिक ताणला तरी तुटत नाही आणि त्याचे जाळे वाहत्या रक्ताचा दाब सोसते; हे गुण रेणूंच्या संयोगाचे आहेत. एका रेणूत त्यांची शक्यता आहे असे म्हणता येईल, परंतु शक्यता आणि अस्तित्व यांना एकच मानले तर सत्कार्यवाद खरा ठरतो खरा, पण त्याचबरोबर तो पोकळही होतो. शिवाय एका कारणात कार्ये तरी किती मानायची, हाही प्रश्न आहेच. फायब्रिन तयार झाले की त्याच्या अंगावर अशा जागा उघड्या होतात, जिथे प्लाझ्मिनोजेन आणि त्याला जागे करणारे विकर येऊन बसतात. त्यातून प्लाझ्मिन निर्माण होते आणि ते गुठळी विरघळवते. कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेली डी-डायमर चाचणी या विघटनातून उरलेले तुकडेच मोजते. म्हणजे फायब्रिनोजेनमध्ये गुठळी आहे म्हणावे तर तिचा नाशही तिथेच आहे म्हणावे लागते. इतकेच काय, रक्तातील फायब्रिनोजेनचा निम्मा साठा सुमारे चार दिवसांत नवा होतो आणि बहुतेक रेणू गुठळीत कधी सामील न होताच नष्ट होतात. ज्यांचे कार्य कधी व्यक्तच झाले नाही, त्यांच्यात ते होते या विधानाला आकारापलीकडे कोणता आधार उरतो, याचे उत्तर सांख्यांना द्यावे लागेल.

यातून निष्पन्न होते ते असे, की आकार आणि सामर्थ्य यांपुरता सत्कार्यवाद बरोबर आहे, तर घटना आणि तिचे गुण यांपुरता आरंभवाद. परंतु धार्मिक विचाराला खरा रस असतो तो प्रयोजनात. जखम बुजवण्यासाठी इतकी नेमकी जुळणी ज्या रेणूत दिसते तो कुणी तरी योजलेला असला पाहिजे, हा विचार सहज सुचणारा आहे. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत जगत् हे कार्य असल्यामुळे त्याला कर्ता असला पाहिजे असा युक्तिवाद ईश्वरसिद्धीसाठी केला. आणि अमेरिकेत मायकेल बीही यांनी १९९६ च्या ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या ग्रंथात रक्त साकळण्याच्या साखळीतील मुख्य दुव्यांपैकी एक जरी काढला तरी सारी यंत्रणा निकामी होते, म्हणून ती क्रमाक्रमाने उत्क्रांत झालेली असू शकत नाही, असे प्रतिपादन केले. बीहींचा हा पक्ष प्रथिनांच्या पुराव्यासमोर टिकत नाही. फायब्रिनोजेनच्या तिन्ही साखळ्यांची जनुके माणसात चौथ्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत आणि त्यांचे साम्य एकाच मूळ जनुकाच्या आवृत्त्या झाल्याचे सांगते. थ्रॉम्बिन हे पचनाचे काम करणाऱ्या ट्रिप्सिनच्या कुळातील आहे. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशाचे रक्त माणसापेक्षा कमी घटकांवर साकळते. आणि ज्याचे रक्त या रीतीने साकळतच नाही अशा समुद्रकाकडीतही फायब्रिनोजेनच्या टोकाशी मिळतीजुळती प्रथिनघडण १९९० साली आढळली. आकार आधी होता, आजचे काम त्याला मागाहून मिळाले. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात २००५ साली न्यायालयाने बीहींच्या मताला विज्ञान म्हणून मान्यता नाकारली, तेव्हा रक्त साकळण्याचा हा मुद्दाही तेथे चर्चिला गेला होता.

तथापि या मताच्या खंडनातून प्रयोजन ही कल्पनाच खोटी ठरली असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. घोणशीचे विष रक्तात गेले की ते साकळण्याची साखळी भलत्या ठिकाणी चालू करते, फायब्रिनोजेन खर्ची पडते, आणि स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवलेले त्या रुग्णाचे रक्त नळी कलती केल्यावर पातळच वाहते. हृदयाच्या धमनीत तयार झालेली गुठळी प्राण घेते. या दोन्ही ठिकाणी खुंटी आणि खाच तीच असते, बंधही तेच असतात. रेणूने आपले काम चोख केलेले असते, आणि तरीही आपण त्याला बिघाड म्हणतो. याचा अर्थ, बिघाड आणि काम यांतला भेद रेणूत नाही, तो ज्या देहासाठी रेणू आहे त्या देहाच्या हिताहितात आहे. अनेक घटकांचा मिळून झालेला संघात हा नेहमी दुसऱ्या कुणासाठी असतो, हे सांख्यांचे परार्थतेचे तत्त्व येथे सत्कार्यवादापेक्षाही अधिक उपयोगी पडते.

या तत्त्वाची पुढची पायरी मात्र वादग्रस्त आहे. देह हाही संघातच, तेव्हा तोही दुसऱ्यासाठी असला पाहिजे आणि ही मालिका कुठेतरी संपायची तर अखेरीस संघात नसलेला, जाणणारा पुरुष मानावा लागतो, असे सांख्य म्हणतात. उत्क्रांतिवाद ही मालिका निराळ्या जागी तोडतो : ज्यांचे रक्त वेळेवर साकळले त्यांची संतती उरली, एवढ्यावर त्याचे स्पष्टीकरण पूर्ण होते आणि त्याला भोक्त्याची गरज लागत नाही. या दोहोंपैकी कोण खरा, हे फायब्रिनोजेनची घडण सांगू शकत नाही, कारण ती दोघांनाही सारखीच मान्य आहे. ईश्वर किंवा पुरुष मानणाऱ्याने आपला पुरावा रेणूच्या खाचेत शोधू नये, आणि न मानणाऱ्याने रेणूच्या जडतेतून जगाची प्रयोजनशून्यता सिद्ध झाली असे समजू नये. हित आणि अहित हे भेद ज्याच्या अनुभवाला येतात तो कोण, हाच वादाचा खरा विषय आहे, आणि तो वाद चैतन्याच्या स्वरूपावर व्हायला हवा, रक्ताच्या रसायनावर नव्हे.