उचल, शब्द आणि संमती

दिलेला शब्द पाळावा, ही शिकवण आपल्या घरांतून लहानपणीच मिळते. व्यवहारातील करार म्हणजे अशा शब्दालाच दिलेले रूप होय. म्हणून करार मोडणारा माणूस आपल्याला कमी प्रतीचा वाटतो, आणि ते योग्यही आहे. परंतु शब्द देणारा माणूस तो देताना खरोखर मोकळा होता काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या जीवनाकडे पाहिले की तो टाळता येत नाही.

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला हा जिल्हा अवर्षणाचा. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावेच्या गावे दिवाळीच्या सुमारास रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे माणसे, बैल, भांडीकुंडी आणि लेकरे यांनी भरलेल्या गाड्या निघतात, त्या थेट उन्हाळ्यात परततात. मात्र या प्रवासाचा करार पावसाळ्यातच झालेला असतो. मुकादम घरी येऊन ‘उचल’ देतो. ही रक्कम कधी लाखाच्या घरात जाते. तीतून मुलीचे लग्न होते, दवाखान्याचे बिल भागते किंवा गेल्या हंगामाची बाकी फिटते. मग हंगामभर टनाच्या हिशेबाने ती फेडायची. फिटली नाही, तर उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते.

या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. ऊस तोडायचा दोघांनी, मोळ्या बांधायच्या दोघांनी, ट्रकच्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढायचे दोघांनी. पण उचल पडते बहुधा नवऱ्याच्या हाती. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ धरला जातो आणि दंड कापला जातो. कागद झालाच, तर तो कर्जाचा होतो, कामाचा होत नाही. कामगाराने काय देणे लागते हे त्यात लिहिलेले असते. त्याला काय मिळावे, किती तास राबावे, आजारपणात काय व्हावे, याविषयी अवाक्षर नसते. आपल्या समाजातील मुले-मुली आज ब्रिटनमध्ये नोकरीस जातात. तेथे ६ एप्रिल २०२० पासून कामाच्या अटी पहिल्या दिवसापर्यंत लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे. पगार, तास, रजा, सारे कागदावर असते. आपल्या मुलाच्या हाती तो कागद पडावा, असे आपल्याला मनापासून वाटते. मग धारूरच्या मुलाच्या बाबतीत तीच गोष्ट अनावश्यक कशी ठरते?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. या माणसांवर कोणी बळजबरी केली? ती स्वतःच्या पायांनी गेली, पैसे मोजून घेतले. शिवाय काही टोळ्या उचल घेऊन पसार होतात आणि कर्ज काढून ती रक्कम उभी करणारा वाहनमालक बुडतो. त्याच्या घरीही बायकामुले असतात. हे खरे आहे. जाणूनबुजून फसवणे हे पापच, मग फसवणारा गरीब का असेना.

परंतु प्रश्न फसवणुकीपुरता नाही, संमतीचा आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसारही संमती मुक्त असावी लागते. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याहून पुढचे पाऊल टाकले. भूक आणि दारिद्र्य यांच्या रेट्यामुळे किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हेही घटनेच्या तेविसाव्या कलमाखाली सक्तीचे श्रम ठरते, असा निर्वाळा न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. ख्रिस्तसभेने हा विचार त्याआधी नव्वद वर्षे मांडला होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले की, मालक-मजुरांच्या संमतीपेक्षा नैसर्गिक न्याय थोर आणि प्राचीन आहे. अधिक मोठ्या संकटाच्या भीतीने मजूर कठोर अटी मान्य करतो, तेव्हा तो अन्यायाचा बळी असतो.

ही केवळ पुस्तकी चर्चा नव्हे. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची वृत्ते देशभर पोहोचली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे कारणे अनेक होती. पण दुखणे आले तरी खाडा परवडत नाही, ही धास्ती त्यांत होती. या शस्त्रक्रियेसाठीही त्या स्त्रियांनी ‘संमती’ दिलेलीच असणार. त्या संमतीला आपण किती किंमत द्यावी?

मग जबाबदार कोण? कारखाना म्हणतो, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, दर माझ्या हाती नाही; आणि तेही खोटे नाही, कारण दर ठरतो साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या वाटाघाटींत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली ती अशीच. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’मध्ये ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. मजुराशी थेट करार न करताही ज्यांच्या निर्णयांनी त्या कराराच्या अटी घडतात, तेही उत्तरदायी असतात. कारखाना आणि शासन त्यांत मोडतातच. स्वस्त साखर हवी असणारे आपण सर्वही थोड्या प्रमाणात त्या साखळीत आहोत. नाताळच्या करंज्या आपण तळतो, तेव्हा तोडणीचा हंगाम ऐन भरात असतो.

तर मग दुबळ्याने शब्द पाळूच नये काय? पाळावा. मात्र ज्याच्या हाती अटी ठरवण्याचे बळ आहे, त्याच्यावर कराराचे नैतिक ओझे आधी येते. ज्या अटी त्याने स्वतःच्या लेकरासाठी स्वीकारल्या नसत्या, त्या दुसऱ्याकडून कबूल करून घेणे म्हणजे शब्दाचाच अपमान आहे. या कसोटीला लागण्यासाठी साखर कारखाना असावा लागत नाही. धुणीभांडी करणारी बाई, वाडीतला गडी, घराच्या बांधकामावरील बिगारी यांच्याशी आपलेही करार असतात, बहुधा तोंडी. आजारपणाच्या दिवसाचा पगार आपण कापतो काय? आगाऊ दिलेल्या पैशांच्या बळावर त्यांना बांधून ठेवतो काय?

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सकाळी आलेल्या मजुरांशी धन्याने एका दिनाराचा ठराव केला होता. दिवस कलताना आलेल्यांशी मात्र कसलाच ठराव नव्हता. त्यांची गरज पूर्ण दिवसाच्या भाकरीची होती, आणि धन्याने दिनार दिला तो ती ओळखून. ठराव त्याने मोडला नाही. पण त्याचा न्याय ठरावापाशी थांबला नाही. आपल्या दाराशी येणाऱ्या श्रमिकाचा हिशेब करताना इतके स्मरणात राहिले, तरी पुरे.