मुलांचे बोलणे आणि आपले हसणे

साडेतीन वर्षांचा भाऊ आणि अडीच वर्षांची बहीण ज्या घरात आहेत, त्या घराला करमणुकीचे दुसरे साधन लागत नाही. त्यांचे संवाद पाहुण्यांस सांगितले जातात, आजोळी पत्रांतून कळविले जातात. परंतु आपण नेमके कशाला हसतो, आणि प्रत्येक वेळी आपणांस हसण्याचा अधिकार असतो काय, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःस विचारीत नाही.

काही हसणे निखालस निर्दोष असते. 'मी काम करलं' असे मूल म्हणते व आपण हसतो. वस्तुतः 'धरणे'चे 'धरलं' आणि 'भरणे'चे 'भरलं', तर 'करणे'चे 'करलं' का नसावे? नियम मुलाने पाळला आहे. मोडला आहे तो भाषेने. जीन बर्को या अमेरिकन विदुषीने 1958 साली मुलांपुढे मुद्दाम बनविलेले, त्यांनी कधीही न ऐकलेले शब्द ठेवले; मुलांनी त्यांपैकी पुष्कळांची अनेकवचने नियमाप्रमाणे केली. म्हणजे मूल नुसती पोपटपंची करीत नाही, ते नियम शोधीत असते. येथे आपण हसलो तरी कोणाचे काही बिघडत नाही.

परंतु पुढील संवाद पाहा. 'दादाचा लाडू मोठा का?' 'मी मोठा आहे म्हणून.' 'मी लहान आहे, मग मला दोन!' घर हसते. लाडू मात्र होते तसेच राहतात. योग्यतेच्या प्रमाणात वाटणी करणे हा न्याय, असे ॲरिस्टॉटलने सांगितले. पण योग्यता कशाने मोजावी, यावर राज्ये भांडत आली आहेत. दादा वडीलपणाने मोजतो, धाकटी उणिवेने. दोन्ही पक्षांस मोठमोठे वकील मिळालेले आहेत. प्रश्न बोबडा असला म्हणून तो खोटा ठरत नाही. आणि येथील आपले हसणे हे पुष्कळदा उत्तर टाळण्याची एक सभ्य रीत असते.

तिसरा प्रकार याहून बोचणारा आहे. 'दादा, मोटार दे ना.' 'उद्या देईन.' दुसऱ्या दिवशी: 'उद्या झाला, दे.' 'आता याच्या उद्या!' या वयात काल आणि उद्या यांची गल्लत नेहमीचीच. तथापि या घरात 'उद्या' म्हणजे 'नाही', हे मुलाने अचूक ओळखले आहे. बाजारात खेळण्याच्या दुकानापुढून त्यास ओढून नेताना वडिलांनी हाच शब्द वापरला होता. मुलांचा खोटेपणा ही त्यांच्या शिक्षकांची करणी होय, असे रूसोने 1762 साली 'एमील'मध्ये मांडले, तेव्हा ते अनेकांस अतिशयोक्त वाटले असेल. त्याची प्रचीती घ्यावयास पॅरिसला जाण्याचे कारण नाही.

झां पियाजे यांनी 1932 सालच्या आपल्या ग्रंथात मुलांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा पेले फुटले. दुसऱ्याकडून चोरून मुरंबा घेताना एक फुटला. अधिक वाईट कोण? लहान मुले बहुधा म्हणत, पंधरा फोडणारा. आपणांस हसू येते. पण खरोखर पंधरा पेले फुटतात तेव्हा हेतूची चौकशी करण्याइतका धीर आपल्यापैकी किती जणांना राहतो? मुलांच्या या न्यायात वडील माणसांच्या धाकाचा वाटा आहे, असे पियाजे यांनीही मानले आहे.

यावर कोणी म्हणेल, मग काय घरात न्यायसभा भरवावी? मुळीच नाही. न हसणारे घर मुलांस सर्वांत आधी नकोसे होईल. आक्षेप आहे तो 'पुन्हा म्हण बघू' या आग्रहाला. पहिल्या वेळी मुलाने प्रश्न विचारलेला असतो. दुसऱ्या वेळी ते आपल्या हशासाठी बोलते. तिसऱ्या वेळी प्रश्न नाहीसा झालेला असतो आणि उरते ती नक्कल. शब्द चुकला तर खुशाल हसावे. न्यायाचा वा खरेपणाचा प्रश्न असेल, तर आधी उत्तर द्यावे, मग हसावे. लाडू मोठा का, याचे कारण असेल तर ते सांगावे. नसेल तर लाडू सारखे करावेत. मोटार आणावयाची नसेल तर 'उद्या' न म्हणता सरळ 'नाही' म्हणावे. मूल रडेल, हे खरे. पण त्या रडण्याला आपल्या शब्दाचा अर्थ कळलेला असेल.