शनवार तेल्यांचा दाखला

अमेरिकेत एखाद्या सिनेगॉगवर हल्ला झाल्याची बातमी आली, की आमच्या माढ्यातही फोनवर एक मजकूर फिरू लागतो. तिकडे ज्यूंवर गोळ्या झाडतात, आपल्याकडे दोन हजार वर्षांत त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. सहिष्णुता आम्हाला कोण शिकवणार? या भूमीतल्या लोकांनी ज्यूंचा सहसा छळ केला नाही, हे खरंच आहे. पण हाच मजकूर पुढे धाडणारी कितीतरी घरं पारध्याला भाड्याने खोली देत नाहीत. आपल्या सहिष्णुतेचा दाखला आपणच लिहायचा आणि सहीही आपलीच, हे मला मान्य नाही.

अमेरिकेतही असे दाखले लिहिले गेले. १६५४ मध्ये तेवीस ज्यू ब्राझीलहून न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा गव्हर्नर स्टाइव्हसंटला ते नकोच होते. वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिलं, पण अट घातली: तुमच्या गरिबांना तुम्हीच पोसा. १७९० मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने न्यूपोर्टच्या ज्यूंना लिहिलेल्या पत्रात ही भूमिका सोडली. एका वर्गाने दुसऱ्याला मेहेरबानीने चालवून घेण्याचे दिवस गेले, आपला धर्म पाळणं हा नैसर्गिक हक्क आहे, असा त्याचा आशय. पत्र थोर आहे, आणि तिथे ते अजूनही अभिमानाने काढून दाखवतात. पण त्याच देशात १९१५ मध्ये लिओ फ्रँक या ज्यू माणसाला जमावाने फासावर लटकवलं, हेन्री फोर्डच्या वृत्तपत्राने ज्यूद्वेष घरोघर पोचवला, १९२४ च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट अडवली आणि २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जण मारले गेले.

आता आपल्याकडचं. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणात रुजली, ही बेने इस्रायलांची परंपरा सर्वांना माहीत आहे. तेल गाळायचा धंदा, पण ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावं. एलियाहू नबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेलं सिनेगॉग. यात भांडण्यासारखं काही नाही.

पण गावगाड्याने त्यांना सामावलं ते तेली म्हणून, उतरंडीतली एक पायरी देऊन. पायरी सोडली नाही, म्हणून तंटाही झाला नाही. ती उतरंड त्यांच्याही घरात शिरली: गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. छळ न होणं ही लहान गोष्ट नाही, पण ती समता नव्हे.

सगळ्यात चुकीचं वाचलं जातं ते यापुढचं पान. १९४८ च्या सुमारास इथे वीसेक हजार बेने इस्रायल होते. त्यातले बहुतेक पुढे इस्रायलला गेले. ओढ धर्माची होती, इंग्रज गेल्यावर रेल्वे-पोस्टातल्या नोकऱ्यांचं काय होईल ही धास्तीही होती. तिथे बीरशेबात वसवलेल्या काहींनी १९५१ मध्ये तेल अवीवला, स्थलांतरितांना वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या दारात ठाण मांडलं. आम्हाला परत पाठवा, ही मागणी. रंगावरून कामात आणि वागणुकीत भेद होतो, काळ्यांना काळा पाव घ्यायला सांगतात, ही तक्रार. १९५२ मध्ये त्यांना परत आणलं गेलं. आपल्याकडे ही गोष्ट इथवरच सांगतात आणि भारतावरच्या प्रेमाची म्हणून सांगतात. त्यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले, हे मात्र गळतं. कुठला देश जास्त प्रेमळ, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ज्या देशाला आपलं मानून गेलो, तिथे दुय्यम राहणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

१९६२ मध्ये ते आणखी स्पष्ट झालं. बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, असा फतवा तिथल्या मुख्य रब्बींनी काढला. आजी कोण, पणजी कोण, ती ज्यूच होती कशावरून? अलिबागच्या वाडीतली माणसं याचे कागद कुठून आणणार? त्यांनी पुरावे गोळा करण्याऐवजी चौकशीलाच नकार दिला. जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, उपास केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बींना फतव्यातून त्यांचं नाव काढावं लागलं. वॉशिंग्टनने जे पत्रात लिहून दिलं, ते या मराठी बोलणाऱ्या माणसांनी रस्त्यावर बसून मिळवलं. माझ्या लेखी ‘मेहेरबानी नव्हे, हक्क’ या कल्पनेच्या इतिहासातला खरा टप्पा हा आहे, आणि तो आपल्या दाखल्यात बसत नाही.

मागे राहिलेले आता काही हजारच आहेत. त्यांनाही नुसत्या सहिष्णुतेवर भागवता आलं नाही. सरकारी अर्जात धर्माच्या रकान्यापुढे ‘इतर’ लिहावं लागे. अल्पसंख्याक म्हणून नोंद व्हावी, यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. महाराष्ट्र सरकारने तो दर्जा दिला २०१६ मध्ये.