फायद्याशिवायचा चहा

पनवेलमध्ये ग्रीन टी घ्यायचा असेल तर सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे मेडिकलचं दुकान. सुपरमार्केटमध्येही मिळतो, पण तिथे तो चहापावडरीच्या रांगेत नसतो. ओट्स, आवळ्याचा रस आणि शुगर-फ्री बिस्किटांच्या शेजारी असतो. खोक्यावर बारीक कंबर आणि तिच्याभोवती मोजपट्टी. चव कशी आहे याबद्दल अवाक्षर नाही. खाण्यापिण्याची वस्तू विकायला ठेवायची आणि ती कशी लागते हे सांगायचंच नाही, हे मला बरेच दिवस विचित्र वाटत आलंय.

आमच्या ऑफिसात हा चहा पिणारे सात-आठ जण आहेत. कृती ठरलेली: मशीनमधलं उकळतं पाणी, त्यात पिशवी, मग एक मीटिंग. मीटिंग संपेपर्यंत पिशवी आतच. पाणी गडद तपकिरी झालं की नाक मुरडून दोन घोटांत खलास. एकीला विचारलं, "आवडतो तुला?" ती म्हणाली, "आवडायचा काय संबंध? हेल्दी आहे ना." कडू लागतो हा तिच्या दृष्टीने त्याचा दोष नव्हता, पुरावा होता. काडेचिराईत, गुळवेल, कारल्याचा रस यांवर वाढलेल्या आपल्या समाजाला जीभ जेवढी वाकडी होईल तेवढा गुण जास्त असं वाटतं.

गंमत अशी की तो पुरावाही लंगडाच आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था. तिच्या २०१२ च्या आढाव्याचा निष्कर्ष असा की ग्रीन टीने वजन घटतं ते इतकं थोडं, की वैद्यकीयदृष्ट्या त्याला फारसा अर्थ नाही. आणि कडूपणा चहाच्या स्वभावातला कमी, आपल्या पाण्यातला जास्त. चहातली तुरट-कडू द्रव्यं, म्हणजे कॅटेचिन्स, उकळत्या पाण्यात भराभर उतरतात. त्याला गोडसर, भरीव चव देणारी अमिनो आम्लं मात्र कमी गरम पाण्यातही निघतात. म्हणून चीनमध्ये कोवळ्या हिरव्या चहावर साधारण ८० अंशांचं पाणी ओततात. आपण त्याला पोळवतो आणि मग म्हणतो, औषधच ते, कडू असणारच.

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. गेल्या वर्षी निंगबो बंदरातून येताना त्याने लाँगजिंगचा छोटा डबा आणला. हा चहा हांगचौच्या वेस्ट लेकभोवतालच्या डोंगरउतारांवरचा. झाड आपल्या आसामातल्या चहाच्याच जातीचं, फरक पडतो तो खुडल्यानंतर. काळ्या चहाची पानं चुरगाळून हवेत काळवंडू देतात. लाँगजिंगची पानं काही तास पसरून ठेवतात आणि मग तापलेल्या कढईत हाताने दाबत, सरकवत भाजतात. त्या उष्णतेने पान काळं करणारी रसायनं निकामी होतात आणि हिरवेपणा टिकतो. दाबून दाबून पान चपटं होतं. सगळ्यात महाग चहा असतो तो छिंगमिंगच्या आधी खुडलेला. छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण, ४-५ एप्रिलच्या सुमारास येणारा. म्हणजे आपल्याकडे कैऱ्या धरतात त्या दिवसांत तिकडे नुसता कोंब आणि एखाददुसरं पान वेचून काढतात. एक किलो चहासाठी चार-पाच किलो ओला पाला लागतो.

प्यायची रीत मात्र अगदी साधी. काचेचा उभा ग्लास, तळाशी चिमूटभर पानं, वर पाणी. गाळणी नाही. पानं आधी तरंगतात, मग एकेक करून उभी राहत खाली जातात. ग्लास तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी. दोन-तीनदा तरी चालतं.

हे सगळं मी घरी रंगून सांगितलं तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला: "पण याचा फायदा काय?"

हा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा नाही. चहाकडे पाहताना आपण तो फार वर्षं वेगवेगळ्या रूपांत विचारत आलोय. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि गहजब झाला. शंकराचार्यांनी चौकशीला माणसं नेमली, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. तेव्हा प्रश्न होता, चहा कुणाच्या हातचा? पुढे १९४२ साली पुण्याच्याच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहायला घेतलं. त्यात चिनी चहाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की पाणी नीट उकळलंय का हे रंगावरून कळावं म्हणून तिकडे ही पानं वापरात आली. गवताच्या काडीसारखा फिका चहा त्यांना चालत होता, आपला कढवलेला चहा टॅनिनमुळे घातक वाटत होता. आणि आता आपण कॅलरी मोजतो. धर्म, आरोग्य, वजन. तपासनीस बदलले, पण चहाने काहीतरी सिद्ध करून दाखवावं ही अट तीच.

बाबांच्या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट आहे. चाळीतल्या दोन खोल्यांत चार भावंडं वाढली, तिथे बिनफायद्याच्या गोष्टीला जागाच नव्हती. आनंद ही पोट भरलेल्यांची चैन, असं त्यांना मनापासून वाटतं. मला ते पटत नाही. पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर पहाटे कटिंग पिणारा हमाल त्या चहाचा फायदा विचारत नाही. चीनमध्ये ट्रक-टॅक्सीचे ड्रायव्हर झाकणाची बाटली जवळ ठेवतात, तळाशी पानं, दिवसभर त्यावर गरम पाणी. तिथल्या रेल्वेगाड्यांत गरम पाण्याचा नळ असतो, लोक आपापली पानं घेऊन चढतात. आनंद गरिबाला परवडत नाही असं नाही, आपण त्याला तो सुखाने घेऊ देत नाही. कामवाल्या मावशींनी मोबाइल घेतला की सोसायटीत कुजबुज होते, 'हिला काय गरज?' तोच 'फायदा काय?' खालच्या मजल्यावर उतरला की 'गरज काय?' होतो. आनंदाचा दाखला मागायची सवय स्वतःपुरती राहत नाही, ही माझी तिच्याबद्दलची खरी तक्रार.

म्हणजे हिशेबच नको का? इथे मी अडते. कारण लु यूने आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिला तेव्हापासून या रसिकतेला मजुरीची किनार आहेच. (त्याच ग्रंथात आलं, कांदा, संत्र्याची साल घालून उकळलेल्या चहाला त्याने गटाराच्या पाण्याची उपमा दिलीय. आपलं आलं घातलेलं कटिंग त्याच्यापुढे न्यायची सोय नाही.) पुढे राजदरबारासाठी चहाच्या नक्षीदार वड्या बनू लागल्या. त्यांत माणसं इतकी राबायची, की १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने, हाँगवूने, या वड्यांचा नजराणा बंद करून सुट्या पानांचाच घ्यायचा हुकूम काढला. स्वतः शेतकऱ्याच्या घरातून आलेला माणूस. सुट्या पानांचा चहा चीनभर रुळला त्यामागे हा हुकूमही आहे. म्हणजे माझ्या ग्लासात जे तरंगतं त्यामागे एक हिशेब आहे, पण तो पिणाऱ्याच्या कंबरेचा नाही. बनवणाऱ्याच्या पाठीचा आहे.

तोच हिशेब न मांडल्याने काय होतं हेही इथून दूर नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना चिनी चहा हवा होता आणि त्याची किंमत भागवायला अफू होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या व्यापाऱ्यांची संपत्ती त्यात उभी राहिली आणि त्या संपत्तीतून जे. जे. हॉस्पिटलही उभं राहिलं. लंडनमधल्या त्या कपात कुणाला अफूचा वास आला असेल?

तेव्हा डब्यावर मला कंबरेच्या मोजपट्टीऐवजी खुडणाऱ्या बाईची मजुरी छापलेली आवडेल. माझ्या डब्यावर ती नव्हती. तरी मी तो चहा प्यायले, चवीने प्यायले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही.

बाबांनी अर्धा ग्लास ठेवून दिला. आईने मात्र वास घेतला, एक घोट घेतला, जरा थांबली. म्हणाली, "पोपटी लावल्यावर मडकं उघडतो ना, तेव्हा वालाच्या शेंगांचा पहिला वास येतो, तसं लागतंय." मग तिने किटलीत बोट बुडवून पाहिलं, पाणी फार कढत नाही ना, आणि तिच्याच ग्लासातल्या पानांवर पुन्हा ओतलं.