पारदर्शक पिक्सेलचा रंग कोणता?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुडाच्या भिंती अजून दिसतात. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लिंपा आणि वर गेरू. वारल्यांच्या लग्नघरात अशाच भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आधी चौकट, मग आत पालघाट देवी. शेजारी ढवलेरीची गाणी चालू असतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

वारली चित्रांतला तारपा वाजवणारा आता फोनमध्येही उतरतो. समजा, एखाद्या हौशी पोराने संगणकावरच्या खेळाचा मॉड, म्हणजे त्यात स्वतःची भर, करायला घेतला. भिंतीचा फोटो काढला, गेरू खोडला, उरलेली आकृती खेळाच्या मापाला लहान केली. खेळात ती हिरव्या गवतावर उभी राहिली, तर पांढऱ्या अंगाभोवती काळपट किनार! ही किनार त्याने काढलेली नाही. मग आली कुठून?

खोडलेल्या जागेतून.

अशा चित्राच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचे चार आकडे असतात: लाल, हिरवा, निळा आणि चौथा अल्फा, म्हणजे तो पिक्सेल किती दिसावा याचं माप. खोडणं म्हणजे पुष्कळदा फक्त अल्फा शून्य करणं. बाकीचे तीन आकडे तसेच राहतात, किंवा सॉफ्टवेअर तिथे काळा भरून ठेवतं. दिसत काहीच नाही. पण आकृती लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी निघते. पांढऱ्याचे 255 आणि अदृश्य काळ्याचा 0, यांचा मध्य 128 च्या आसपास, म्हणजे राखाडी. अल्फाही अर्धा. हा अर्धवट दिसणारा राखाडी कडेला जाऊन बसतो. खोडलेल्या जागेत पांढरा लपला असेल, तर काळ्या आकृतीला याच रीतीने पांढरी कड येते.

संगणक-चित्रणातले थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 साली यावरची वाट दाखवली. रंगाचे आकडे आधीच अल्फाने गुणून ठेवायचे. मग शून्य अल्फाचा रंगही शून्यच होतो, सरासरीत त्याचं वजन उरत नाही, आणि शेवटी अल्फाने भागलं की स्वच्छ पांढरा परत मिळतो. दुसरा उपाय हाताचा आहे: कडेचाच पांढरा रंग खोडलेल्या जागेत थोडा पुढे पसरवून ठेवायचा. मात्र फोटोतच कडेच्या पांढऱ्यात गेरू मिसळला असेल, तर हे दोन्ही उपाय पुरत नाहीत. एखादा पिक्सेल कातरावाच लागतो.

इतकं झाल्यावर तंत्राचा प्रश्न सुटतो, तत्त्वाचा सुरू होतो. जे नाही, त्याला रंग कसा?

हा प्रश्न जुन्या भारतीय दर्शनांनाही पडला होता. वैशेषिक दर्शन मांडणाऱ्या कणादांचे पदार्थ, म्हणजे जे जे आहे त्याचे मूळ प्रकार, सहा. पुढच्या वैशेषिकांनी त्यांत सातवा घातला: अभाव. जमिनीवर घट नाही, तर ते नसणं खरोखर तिथे असतं आणि प्रत्यक्ष कळतं, असं न्याय दर्शनाचे नैयायिक मानतात. शिवाय प्रत्येक अभाव कशाचा तरी असतो. घटाचा वेगळा, पटाचा वेगळा. प्राभाकर मीमांसकांना हे पटलं नाही. तिथे आहे ती नुसती जमीन, अभाव नावाची आणखी एक वस्तू मानण्याची गरजच काय, असा त्यांचा सवाल. कुमारिल भट्टांनी अभाव मानला, पण तो कळायला अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे ज्ञानाचं वेगळं प्रमाण सांगितलं.

रंग अल्फाने न गुणता ठेवलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये पूर्ण पारदर्शक पिक्सेल 1,67,77,216 प्रकारचा असू शकतो. काळ्याचं नसणं, गेरूचं नसणं, गुलाबीचं नसणं. डोळ्याला सगळी एकच, पण आकार बदलला की प्रत्येकाची किनार निराळी. ज्याचा परिणाम होतो ते मुळात नाहीच, असं कसं म्हणायचं? इथे नैयायिकांचं पारडं जड आहे. गुणून ठेवलेल्या फाइलमध्ये मात्र ही सारी नसणी मिळून एकच होतात: चार शून्यं.

आणि प्राभाकरांची नुसती जमीन? ती फाइलमध्ये नाही. ती पाड्यावरच्या भिंतीत आहे. चौकातली मोकळी जागा म्हणजे कशाचा अभाव नव्हे; ते शेण आहे, माती आहे, गेरू आहे. आकृती त्या अंगावरच लिहिलेली असते. वारली चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर आलं ते 1970 च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून आणि पुढे 2011 साली पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून. तेव्हाही शेणाचा, गेरूचा थर सोबत आला. आकृती एकटी आली नाही. फोन मात्र ती एकटीच उचलतो, आणि जमीन कडेला चिकटून मागे येते. त्या किनारीला निव्वळ दोष म्हणणं म्हणूनच अपुरं आहे.

वारली माणूस म्हणजे टोकाशी टोक जोडलेले दोन त्रिकोण. आकृती 16 पिक्सेलांत बसवली, तर ते कमरेचं टोक सरासरीत विरतं आणि माणसाचे दोन तुकडे दिसतात. म्हणून मॉड करणाऱ्यांनी फोटो कापत बसू नये. तारपा वाजवणारा हव्या त्या मापात पिक्सेल-पिक्सेल नव्याने रेखावा, मागे गेरूही ठेवावा. पालघाट मात्र लग्नाच्या चौकातच राहू द्यावी. तिचं स्प्राइट, म्हणजे खेळातली सुटी आकृती, करू नये.